तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

कडुनिंब (धागाकर्ती)

नागपूरकरांनो, चार दिवसांपूर्वी आमच्याकडे जे घडलं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

मानेवाडा रोडला आमची बारा घरांची फ्लॅट स्कीम आहे. समोरच्या दारात काका राहतात, वय 76, रेल्वेतून निवृत्त. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. दोघंही नीट विचारपूस करणारी आहेत, हे आधीच सांगते.

काका दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला, पाइप लावून कुलर भरतात. त्यांची मागची गॅलरी आणि माझी गॅलरी यांत एकच भिंत, त्यामुळे तो कुलर मला पाठ झालाय. पाणी असलं की ताट्यांवरून ठिबकण्याचा आवाज येतो आणि ओल्या वाळ्याचा वास येतो. पाणी संपलं की पंप कोरडा घुरघुरतो. त्या दिवशी बाराच्या आधीपासूनच तो घुरघुर करत होता. माझ्या कानावर येत होता, पण मनापर्यंत पोचला नाही. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, भांडी झाली. पावणेतीनला लक्षात आलं की दोन वाजून गेले तरी काकांनी पाणी भरलं नाही.

बेल वाजवली. फोन लावला, तर तो आतच वाजत होता. दाराला आतून कडी. वॉचमनकडे किल्ली नाही, आणि असती तरी कडीपुढे काय उपयोग! त्यांच्या मुलाचा नंबर अकरा घरांपैकी एकाकडेही नव्हता. पार्किंगवरून आमच्या ग्रुपवर दिवसाला दीडशे मेसेज होतात, आणि हा एक नंबर कोणाकडे नाही. शेवटी चौकातल्या सुताराला बोलावून दार फोडलं. त्यात पाऊण तास गेला.

काका बाथरूमच्या उंबऱ्यात पडले होते. सकाळी साडेनवापासून. खुब्याचं हाड मोडलेलं. ओठ पांढरे पडलेले, पण शुद्धीवर होते. म्हणाले, "मी हाका मारत होतो गं, पण कुलरच्या आवाजात तुला ऐकू गेलं नसेल."

ज्या आवाजानं मला दारापर्यंत नेलं, त्याच आवाजानं त्यांच्या हाका गिळल्या होत्या. सहा तास.

पहिल्या दवाखान्यात जवळचा नातेवाईक सही करायला आणि आगाऊ रक्कम भरायला हवा म्हणून चाळीस मिनिटं स्ट्रेचरवर ठेवलं. दुसरीकडे नेलं, तिथे ऑपरेशन झालं. आता बरे आहेत.

मला एकच विचारायचं आहे. तुमच्या घराची, किंवा तुमचे आईवडील राहतात त्या घराची, दुसरी किल्ली कोणाकडे आहे? नाव नको, नातं सांगा.

सेकंड_शिफ्ट

ताई, वाचून पोटात कालवलं. मी बुटीबोरीले कामाले जातो, सेकंड शिफ्ट असली की घरी यायले रात्रीचे बारा वाजतात. माय एकटीच असते. किल्ली घरासमोरच्या पानठेल्यावाल्या दादाकडे आहे. रात्री अकरापर्यंत तो तिथंच असतो. माय संध्याकाळी दिवा लावाले ओट्यावर आली नाही, तर तो स्वतः जाऊन पाहतो. आतापर्यंत दोनदा गेला. एकदा माय नुसती झोपली होती. एकदा शुगर उतरून घामाघूम होऊन पडली होती, त्यानंच साखर चारली.

शंकरनगर_नाका

@सेकंड_शिफ्ट, वाईट वाटून घेऊ नका, पण पानठेल्यावर किल्ली? तिथं दिवसभर कोण कोण उभं असतं! उद्या काही कमीजास्त झालं तर पोलिस पहिलं हेच विचारतील.

सेकंड_शिफ्ट

दादा, मग कोणाले देऊ, सांगा ना. बाजूच्या बंगल्यात तीन वर्षांत गेट उघडून कोणी माह्याशी बोललं नाही. जो रोज मायले पाहून राहिला, त्याच्याचपाशी देईन ना मी.

परदेशी_नाही_पुणेकर

मी त्या बंगळुरूच्या मुलाच्या जागचा आहे, म्हणून लिहितो. आई प्रतापनगरला एकटी, मी आणि बायको पुण्यात.

अशा धाग्यांवर चार प्रतिसादांनंतर "हल्लीची मुलं" हा विषय निघतोच, म्हणून आधीच सांगतो. 2009 मध्ये मी नागपुरातून इंजिनिअर झालो. आमच्या वर्गातले साठातले पाचसहा जण इथं राहिले असतील. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. 1877 साली सुरू झालेली मिल, तिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराची घड्याळं चालायची. 2002 मध्ये ती कायमची बंद झाली. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात आता कंपन्या आल्यात, चांगलंच आहे, पण आम्ही निघालो तेव्हा तिथं बहुतेक कुंपणंच होती. हौसेनं कोणी आईला सोडून जात नाही.

गेल्या वर्षी मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. चौथ्या दिवशी आईनं त्यावर टॉवेल टाकला. मी चिडलो. ती म्हणाली, "अरे, मी इथं केस वाळवते, पाय पसरून बसते. माझ्याच घरात मी कोणासाठी नीट बसू?" यावर काय बोलणार? कॅमेरा काढला. आणि खरं सांगू का, आई पडताना मला पुण्यात दिसली असती तरी मी काय करणार होतो? साडेसातशे किलोमीटरवरून मी कोणाला फोन केला असता? हा धागा वाचेपर्यंत तो प्रश्नच मला पडला नव्हता. आईच्या शेजाऱ्यांपैकी एकाचाही नंबर माझ्याकडे नाही.

सिस्टर_मेडिकल_चौक

अस्थिरोग वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे, थोडं कामाचं सांगते.

पडण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, पडून राहणं घातक असतं. म्हातारं माणूस कडक फरशीवर तासन्‌तास एका कुशीवर राहिलं की दाबाखालचा स्नायू खराब व्हायला लागतो, त्यातून निघणारे पदार्थ मूत्रपिंडावर येतात. वर मे महिना. उतारवयात तहान लागल्याचं लवकर कळतच नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर आणखी कोरडं पडतं. आपल्याकडे 23 मे 2013 ला पारा 47.9 ला गेला होता. 2024 च्या मेअखेरीस 56 अंशांची बातमी फिरली, ते यंत्र बिघडलेलं निघालं. पण आजीआजोबांना त्रास व्हायला विक्रमी तापमानाची गरज नसते, 43-44 मध्ये बंद खोली आणि कोरडा कुलर एवढं पुरतं.

कोणी पडलेलं दिसलं तर बखोटीला धरून उठवू नका. खुबा मोडला असेल तर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. आहे तिथंच राहू द्या, उशी-चादरीनं पायाला आधार द्या आणि 108 लावा. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो उष्माघात समजा. गाडीची वाट बघत बसू नका, तिथंच ओल्या कापडानं अंग पुसा, वारा घाला. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी लावणं आजच बंद करा. लोटून घ्या, पुरे.

महालकर

मी महालातल्या वाड्यात वाढलो. मधे चौक, चौकात विहीर, भोवती सात बिऱ्हाडं. आजी खोकली नाही तर समोरच्या ओसरीवरून विचारणा व्हायची. दुसरी किल्ली हा प्रकारच नव्हता, कारण दिवसा दाराला कडी नसायची. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आम्ही पोरं शंभर घरं फिरायचो, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ नाहीतर पैसे, गोळा करायचो, त्यामुळे कोणत्या घरात कोण म्हातारं आहे हे आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचं. आता त्या जागी पाच मजली इमारत आहे. माझ्याच मजल्यावरच्या दोन घरांची आडनावं मला दाराच्या पाट्यांवरून कळतात.

उंटखाना_7

काका, तुमचा वाडा चांगलाच असेल. पण माझी आई अशाच एका वाड्यात धुणंभांडं करायची. तिचा कप वेगळा ठेवलेला असायचा, विहिरीला तिनं हात लावायचा नाही. एकमेकांची खबर सगळे ठेवायचे, हे खरं. कोणत्या सुनेला किती मारलं हीसुद्धा खबर असायची, आणि कोणी मधे पडायचं नाही. ते जसंच्या तसं परत आणू नका.

आता आई रामदासपेठेत एका आजींजवळ बारा तास असते. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, औषध, सगळं. एजन्सी तिच्या पगारातून दर महिन्याला कापून घेते, सुटी मागितली की दुसरी बाई पाठवायची धमकी देते. त्या आजींच्या घराची किल्ली माझ्या आईच्या कमरेला असते. आणि माझी आजी दिवसभर आमच्या घरी एकटी असते, तिच्याकडे वस्तीतल्या पोरी बघतात. शहरातल्या म्हाताऱ्यांची चर्चा करताना त्यांना उचलणाऱ्या हातांचाही विचार व्हावा, एवढंच.

महालकर

@उंटखाना_7, तुम्ही लिहिलं ते खरं आहे. विहिरीचं मला आठवतं. लिहिताना मी ते सोडून दिलं, तसं करायला नको होतं.

इंदोरा_ते_बेसा

किल्लीवरून निघालंच आहे तर माझंही ऐका. 2021 मध्ये भाड्यानं फ्लॅट शोधत होतो. मी बँकेत, बायको शिक्षिका. चार ठिकाणी फोनवर सगळं ठरलं, आणि भेटल्यावर पूर्ण नाव सांगितलं की "घरच्यांशी बोलून कळवतो." एकानं तर सरळ विचारलं, दीक्षाभूमीला जाता का? हो, जातो. 14 ऑक्टोबर 1956 ला माझे आजोबा तिथं उभे होते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पाचव्या ठिकाणी, बेसाला, घर मिळालं. खाली घरमालक आजी-आजोबा. पहिले सहा महिने आजी माझ्या मुलीच्या हातून पाण्याचा ग्लाससुद्धा घ्यायच्या नाहीत. मग एका पावसाळी रात्री दीड वाजता आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. मी गाडी काढली. सकाळी आजींनी स्वतः वर येऊन किल्ली दिली, म्हणाल्या, "ही तुमच्याकडेच राहू द्या."

मी किल्ली घेतली. पण मनात आलं ते लिहितोच: त्यासाठी त्यांना मरणाच्या दारापर्यंत जावं लागलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं बाहेरगावाहून येतात, आमच्या इंदोऱ्यात ओळख ना पाळख, माणसं घरात झोपतात, जेवतात. कोणी कोणाला गाव सोडून दुसरं काही विचारत नाही. आपल्याला हे येत नाही असं नाही.

कडुनिंब

@इंदोरा_ते_बेसा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या स्कीममध्येही भाडेकरू ठेवताना "आपल्यातले" हा शब्द मी बैठकीत ऐकलाय आणि गप्प बसलेय. पुढच्या बैठकीत गप्प बसणार नाही.

नाल्याकाठी

आम्ही अंबाझरी लेआउटचे. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. रात्री दोननंतर ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी लेआउटमध्ये शिरलं. चारच्या सुमारास जाग आली तेव्हा पलंगाच्या पाट्या भिजल्या होत्या. आम्ही वर चढलो. मागच्या गल्लीतल्या तळमजल्यावर लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या एक मावशी राहतात हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. आमच्या कामवाल्या ताईचा फोन आला म्हणून कळलं. चौघांनी त्यांना गादीसकट उचललं, तेव्हा पाणी माझ्या छातीपर्यंत होतं.

त्या पुरात शहरात जे गेले, त्यांत घरात पाणी शिरल्यावर उठता न आलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. धरण, तलावाच्या सांडव्याजवळचा पुतळा, नदीचं पात्र, कोण जबाबदार, यावर पुढे कोर्टापर्यंत भांडणं झाली, आणि ती व्हायलाच हवीत. पण पहाटे चारला प्रशासन माझ्या गल्लीत नव्हतं. ताईच्या डोक्यात कोणत्या घरात कोण झोपून आहे याची यादी होती, तीच कामी आली.

आम्ही आता तशी यादी कागदावर केली आहे. कोणाला उठता येत नाही, ऑक्सिजन कोणाकडे लागतो, कोण एकटं. चौतीस घरांत सात नावं निघाली. सात! पावसाळ्याच्या आधी एकदा ती तपासतो.

प्रश्न_आहे

थोडं वेगळं विचारते. आमच्या शेजारच्या आजोबांनी फ्लॅट बक्षीसपत्रानं मुलाच्या नावे केला. आता मुलगा-सून त्यांना मागच्या खोलीत ठेवतात, जेवण वेळेवर नाही. आजोबा कोणाला काही सांगत नाहीत. शेजाऱ्यांनी मधे पडावं का?

काळा_कोट

पडावं, पण आधी आजोबांशी एकट्यानं बोलून. 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. 60 वर्षांवरील व्यक्तीला उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या निर्वाह न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. स्वतः जाणं शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. म्हणजे तुम्हीसुद्धा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो, फार तर 30 दिवस वाढतात. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मूल नसलेल्यांना, ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाविरुद्धही अर्ज करता येतो.

बक्षीसपत्राचं म्हणाल तर कलम 23 बघा. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. अडचण अशी की पुष्कळ बक्षीसपत्रांत ती अट लिहिलेलीच नसते, आणि मग सिद्ध करताना दमछाक होते. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी अट शब्दांत लिहून घ्या, "मुलगा आहे, लिहायचं कशाला" म्हणू नका. आणि शक्यतो जिवंतपणी घर नावावर करूच नका, मृत्युपत्र करा. हे मी माझ्या वडिलांनाही सांगितलं, मी त्यांचा एकुलता एक मुलगा असून.

फक्त बोलायचं असेल, सल्ला हवा असेल, तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मारहाण होत असेल तर 112.

धरमपेठ_आजी

नातीनं हा धागा वाचून दाखवला. वय 78. मी सांगते, ती टाइप करते आहे.

सगळे आमच्याविषयी बोलत आहात, छान बोलत आहात. पण कडी लावू नका, बाथरूम लोटून घ्या, किल्ली याला द्या, यादीत नाव घाला, हे ठरवताना आम्हाला विचारा. रात्री कडी लावली की हे घर माझं आहे असं मला वाटतं. पन्नास वर्षं तो आवाज ऐकून मी झोपले आहे. मुलानं सांगितल्यावर पहिल्यांदा मी नाही म्हटलं, कारण त्याचा सूर असा होता की आता मला काही कळत नाही.

आमचं आम्हीच ठरवलं. बागेत फिरायला येणाऱ्या आम्ही चौघी. सकाळी साडेसातला मी पहिलीला फोन करते, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी परत मला. दोनच वाक्यं, उठले, चहा झाला. आठपर्यंत फोन फिरून आला नाही तर जिच्याशी साखळी तुटली तिच्याकडे सगळ्यात जवळची जाते. प्रत्येकीची किल्ली दुसरीकडे. दाराला आता आतून-बाहेरून किल्लीनं उघडणारं कुलूप लावलंय, कडी काढली. वाईट वाटलं, पण मी काढली, कोणी काढायला लावली नाही.

चार वर्षांत साखळी दोनदा तुटली. एकदा फोन चार्ज नव्हता. दुसऱ्यांदा जिच्याकडे गेलो ती झोपेतच गेली होती. पण आठ वाजून वीस मिनिटांनी आम्ही तिच्याजवळ होतो. दुपारपर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत ती तशी पडून राहिली नाही. याचं मोल आमच्या वयाच्या माणसाला विचारा.

परदेशी_नाही_पुणेकर

आजी, आईला तुमचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारून बघते." सहा वर्षं त्या दोघी एकाच जिन्यानं चढतात-उतरतात. शनिवारी नागपूरला येतोय. सगळ्या शेजाऱ्यांकडे जाऊन नंबर घेणार आहे आणि माझा देणार आहे.

सेकंड_शिफ्ट

पानठेल्यावाल्या दादाले हा धागा वाचून दाखवला. त्यानं किल्ली गल्ल्यातून काढून आतल्या खिशात ठेवली.

कडुनिंब (ऑगस्टमध्ये)

बऱ्याच जणांनी काकांविषयी विचारलं, म्हणून लिहिते.

काका जूनच्या शेवटी घरी आले. वॉकर घेऊन हॉलभर चालतात. मुलानं बंगळुरूला चला म्हणून खूप आग्रह केला. काकांनी महिनाभर जाऊन येतो म्हटलं, अठरा दिवसांत परत आले. कडी काढली, नवं कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे, पण त्यांच्या अटी आहेत: आधी तीनदा बेल, मग बाहेरून नावानं हाक, मग शंभर अंक मोजायचे, मगच कुलूप. मी कबूल केलं. बाराही घरांचे, आणि त्यांच्या बाहेरगावच्या मुलांचे नंबर एका कागदावर लिहून जिन्यात लावलेत. दोन घरांनी दिले नाहीत, ठीक आहे.

"आपल्यातले" यावर बैठकीत बोलले. वाद झाला, एक जण उठून गेला. पण तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट परवा भाड्यानं गेला आणि आडनाव कोणी विचारलं नाही.

आज तान्हा पोळा. गेली कित्येक वर्षं वॉचमन पोरांना गेटवरूनच परत पाठवायचा. काकांनी कालच त्याला बजावून ठेवलं होतं. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले होते, शेजारी वॉकर, मांडीवर बोजाऱ्याचा डबा. मागच्या वस्तीतली आणि स्कीममधली मिळून एकवीस पोरं बैल घेऊन आली. काका प्रत्येकाला नाव विचारत होते, घर कुठलं विचारत होते, आणि वहीत लिहून ठेवत होते. पंधराव्या पोराला दहाची नाणी संपली, तेव्हा माझ्याकडून नेली.